टेबलाखालचं बीजभाषण

आमच्या भंडाऱ्याच्या डॉक्टरांचा एक किस्सा विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांच्या कुठल्याही बैठकीत, चहा येईपर्यंतच्या वेळात, हमखास निघतो. मुलांच्या वाढीवर आणि वर्तनावर मोठी परिषद भरली आहे, व्यासपीठावर दूरदूरचे तज्ज्ञ बसले आहेत, बीजभाषणासाठी डॉक्टरांचं नाव पुकारलं जातं. डॉक्टर कॉलरला माईक लावून उठतात आणि थेट व्यासपीठावरच्या टेबलाखाली जातात. जेवणाची सुट्टी होईपर्यंत बाहेर येत नाहीत. सांगणारा इथे थांबतो, ऐकणारे हसतात, आणि कोणीतरी म्हणतं, "भंडाऱ्याचं पाणीच तसं आहे."

हा किस्सा मी पसरवला. मी त्या परिषदेचा आयोजन सचिव होतो, त्यामुळे माझ्या तोंडून तो खरा वाटायचा. त्यातली एक गोष्ट मी दरवेळी गाळली. टेबलाखाली डॉक्टर एकटे नव्हते. त्यांच्या आधी माझा नातू तिथे जाऊन बसला होता.

आता डॉक्टर नाहीत, आणि मीही काठी घेऊन चालतो. जे गाळलं ते लिहून ठेवायला हवं. पण डॉक्टर कसे होते हे न सांगता नुसतं तेवढंच लिहिलं, तर लोक पुन्हा हसतील.

डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरलं की पहिल्यांदा आपण उंच झाल्यासारखं वाटायचं. तिथल्या सगळ्या खुर्च्यांचे, बाकांचे आणि तपासणीच्या टेबलाचे पाय त्यांनी सुताराकडून कापून घेतले होते. मुलांना बरोबर बसता यायचं. मोठ्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. एकदा एक बडे अधिकारी सपत्नीक आले, घडी घातल्यासारखे खाली बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, एखादी नेहमीची खुर्ची मिळेल का?"

"खुर्ची नेहमीचीच आहे साहेब," डॉक्टर म्हणाले. "तुमी जास्त झालात."

टेबलावर औषधांच्या बाटल्यांशेजारी खडीसाखरेची एक बरणी असायची. ती मुलांसाठी आहे असं नव्या माणसाला वाटायचं. डॉक्टर मुलाला विचारायचे, "काय नाव बाप्पा तुझं?" मुलाने तोंड उघडायच्या आत आजी सांगायची, "पिंट्या नाव आहे न जी त्याचं." डॉक्टर उठायचे, बरणीतून मोठासा खडा काढायचे.

"आजी, आ करा."

आजी भांबावून आ करायची.

"दातानं फोडाची नाही. इरघळेपर्यंत बोलाचं नाही."

शुगर असेल त्याला लवंग. कधी कधी आई, बाप, आजी, मावशी असे सगळे गाल फुगवून भिंतीशी ओळीने बसलेले असायचे आणि तेवढ्या वेळात ते एकटं मूल हळूहळू बोलायला लागायचं. कधी बोलायचंही नाही. पण शांतता मात्र व्हायची. भंडाऱ्यातल्या कुठल्याही दवाखान्यात एवढी शांतता मी पाहिली नाही.

आणि पाठ. डॉक्टर मुलाकडे पाहायचेच नाहीत. जमिनीवर मांडी घालून त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि आपलं काहीतरी करत राहायचे. सुतळी सोडव, शेंगा सोल, कधी नुसतंच गुणगुण. मूल कधीतरी मागून येऊन त्यांच्या पाठीला हात लावायचं, शर्ट ओढायचं, एखादं चावायचंही. मग तपासणी सुरू. एका आईने वैतागून विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमी त्याच्याकडे पाहूनच नाही राहिले, तर समजन कसं?"

डॉक्टर म्हणाले, "धानाचा रोवणा झाल्यावर तू रोज रोप उपटून पाह्यतं का, मूळ धरलं का नाही म्हणून?"

बाई शेतकऱ्याची होती. गप्प बसली. तिला खडीसाखर लागली नाही.

ते काही संत नव्हते. लोकांचे पेन खिशात टाकायचे, शहरातल्या डॉक्टरांच्या बैठकीला येऊन पहिल्याच ठरावाला झोपी जायचे, आणि आवडलं नाही तर बापाला मुलापेक्षा जास्त रागवायचे. त्यांचे अंदाजही चुकायचे. एका बाईला त्यांनी पोळ्यापर्यंत पोरगं बोलेल असं सांगितलं होतं. पोळा आला आणि गेला. बाई भांडायला आली. डॉक्टर म्हणाले, "कोणता पोळा, ते मी कुठं सांगतलं?" बोलले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. बरणी उघडून त्यांनी एक खडा आपल्या तोंडात टाकला आणि बाईचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकून घेतलं.

एका पावसाळ्यात ते डोक्यावर खाणकामगाराचं हेल्मेट घालून दवाखान्यात बसू लागले. पुढे दिवा लावलेलं पिवळं हेल्मेट. तापाची मुलं, जुलाबाची मुलं, सगळी त्याच वेषात तपासली. गावात चर्चा झाली. मी तेव्हा त्यांच्या हाताखालून बाहेर पडून स्वतःचा, काचेच्या दाराचा दवाखाना काढला होता. मुद्दाम पाहायला गेलो.

"सर, हे काय?"

"चिखला गावची एक पोट्टी आहे. बाप खाणीत जाते. बापाच्या डोक्यावर टोपी असली तरच त्याच्याजवळ जाते, नाही तर रडून राहते."

"मग ती आली की घाला ना."

"ते कधी येईन, सांगून थोडी येते? बस चुकते, बापाची पाळी बदलते. ते आली अन् मी टोपी शोधत बसलो तं?"

मी हा किस्साही पुष्कळ ठिकाणी सांगितला. त्यातली पोरगी मात्र सांगताना गळून जायची. पिवळं हेल्मेट तेवढं राहायचं. लोकांना तेच हवं असायचं, आणि मलाही.

आता माझ्याकडे येतो.

माझा मुलगा जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला. तिथल्या क्वार्टरमध्ये तो, सून प्रणाली आणि नातू सम्यक राहतात. सम्यक चार वर्षांचा होत आला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळून पाहत नव्हता. एका तान्ह्या पोळ्याला मी त्याच्यासाठी चाकांचा लाकडी बैल घेऊन गेलो. कॉलनीतली मुलं नटूनथटून आपापले बैल ओढत निघाली होती. सम्यकने त्याचा बैल उलटा केला आणि पायरीवर बसून त्याचं एक चाक बोटाने फिरवत राहिला. मिरवणूक गेली, बक्षिसं वाटली, मुलं घरी गेली. तो चाकच फिरवत होता.

दुसऱ्याचं मूल असतं तर मी दारातूनच ओळखलं असतं. मी म्हणालो, "चाकं पाहतो आहे. इंजिनियर होईल."

प्रणाली माझ्याकडे पाहत राहिली. "बाबा, तुम्ही लहान मुलांचे डॉक्टर आहात ना?"

"काही मुलं उशिरा बोलतात," मी म्हणालो. हे वाक्य ऐकवणाऱ्या किती आजोबांना मी माझ्या दवाखान्यात झापलं होतं!

त्याच हिवाळ्यात परिषद आमच्याकडे आली. मुलांच्या विकासाचे आणि वर्तनाचे नामांकित डॉक्टर भंडाऱ्याला येणार, ही मला आयुष्याची कमाई वाटत होती. आमच्या घराण्यात शिकून डॉक्टर झालेला मी पहिला. मोठमोठे लोक माझ्या शब्दावर इथे येताहेत, याचं मला अप्रूप होतं. परिषदेचं घोषवाक्यही माझंच: "वेळेत ओळखा." ते मोठ्या अक्षरांत छापून मी कारध्याच्या पुलापासून हॉलपर्यंत लावलं होतं. आणि घरी सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी सम्यकला घेऊन कोणीही तिकडे यायचं नाही.

हॉल म्हणजे नदीपलीकडचं मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच तिथे लग्न झालं होतं. मागच्या पडद्यावर फुलांची "शुभविवाह" ही अक्षरं होती. मांडववाल्याने "विवाह" काढलं आणि "शुभ" राहू दिलं. "परिषदेलेही शुभ चालते न साहेब," तो म्हणाला. नवरानवरीच्या दोन सिंहासनांपैकी वराच्या सिंहासनावर परिषदेचे अध्यक्ष बसले. ते दक्षिणेकडून आलेले गंभीर गृहस्थ होते. वधूच्या सिंहासनावर प्रमुख पाहुणे. आम्ही बाकीचे लांब टेबलामागे, टेबलाला चारही बाजूंनी सॅटिनची झालर जमिनीपर्यंत. डॉक्टरांचा फक्त सत्कार व्हायचा होता. पण बीजभाषण करणाऱ्या तज्ज्ञांचं विमान धुक्यामुळे उडालंच नाही. अध्यक्षांनी हिंदीत सुचवलं, "आपके सीनियर डॉक्टर हैं ना, वही बोलेंगे." मला नाही म्हणता आलं नाही.

दीपप्रज्वलन चालू असताना बाजूच्या दारात प्रणाली दिसली. कडेवर सम्यक. मी घाईने तिला व्यासपीठामागे नेलं.

"तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं." तिचा आवाज स्थिर होता. "लोक नागपूर, मुंबईला चकरा मारतात यांना दाखवायला. ते सगळे इथं आले आहेत. सगळ्यांचीच पोरं पाहणार, अन् माझंच नाही?"

"घरी पाहू. मी आहे ना."

"तुम्ही पाहूनच नाही राहिले बाबा."

तेवढ्यात स्वागतगीतासाठी लावलेला ध्वनिक्षेपक किंचाळला. सम्यकला आवाज सहन होत नसत. त्याने कानांवर हात दाबले, प्रणालीच्या कडेवरून घसरला आणि समोर जी अंधारी, झाकलेली जागा दिसली तिच्यात शिरला. व्यासपीठावरच्या टेबलाखाली, झालरीच्या आत.

प्रणाली धावणार होती. मी तिचा हात धरला. त्याला ओढून काढलं तर तो ओरडेल, आणि सगळा हॉल पाहील, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती ती त्याच्यासाठी. मला माझ्यासाठी.

"हे सत्र संपू दे," मी म्हणालो, आणि जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो.

थोड्या वेळाने माझ्या बुटाच्या नाडीला कोणीतरी हात लावला. छोटी बोटं नाडी धरून गोल गोल फिरवत होती. मी पाय मागे ओढून घेतला.

शेजारी डॉक्टर बसले होते. निवेदिका त्यांचं नाव पुकारत होती, टाळ्या वाजत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"पाय काहून ओढला तुनं?"

त्यांनी वाकून झालर उचलली, आत पाहिलं. "अस्सं," एवढंच म्हणाले. मग गुडघ्यांवर आले, रांगत आत गेले, आणि झालर पुन्हा खाली पडली.

निवेदिका नेहमी लग्नांत बोलायची. तिला गोंधळून जायची सवय नव्हती. "आता डॉक्टरसाहेब आपल्या आगळ्यावेगळ्या शैलीत आपल्याशी संवाद साधतील," ती म्हणाली. हॉल शांत झाला. डॉक्टरांच्या कॉलरचा माईक चालूच होता. आधी श्वास ऐकू आला, मग बसताना गुडघे मोडल्याचा आवाज, मग कुठल्यातरी गाण्याचं गुणगुणणं. आणि मग हॉलच्या चारही कोपऱ्यांतून स्पष्ट शब्द आले.

"मी पाहून नाही राहिलो बाप्पा तुह्याकडं. तुझं चालू दे."

अध्यक्ष माझ्याकडे झुकले. "क्या बोल रहे हैं?"

मी सांगितलं, मैं आपको देख नहीं रहा हूँ, आप अपना चलने दीजिए, असं ते म्हणताहेत.

अध्यक्षांनी विचार केला आणि मान डोलावली. "डेमो है?"

"जी सर," मी म्हणालो.

डॉक्टरांच्या आयुष्याचं मी जे काही केलं, ते ह्या दोन शब्दांनी केलं. त्या क्षणी "मेरा पोता है" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? समोर बसलेल्या प्रत्येकाचं आयुष्य अशी मुलं पाहण्यात गेलं होतं. तेवढी समजदार माणसं एका छपराखाली मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.

पुढच्या ओळीतले काहीजण लिहून घेऊ लागले. एका तरुण डॉक्टरणीने मोबाइलवर चित्रण सुरू केलं. कोणीतरी कुजबुजलं की हा मुलाच्या नजरेतून जग दाखवण्याचा प्रयोग आहे. मागच्या ओळीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने ठरवलं की हा प्रयोग नाही, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, आणि त्याने शेजाऱ्याला लक्षणं समजावून सांगायला सुरुवात केली.

मी डाव्या हाताने झालर जरा बाजूला केली. आत डॉक्टर सम्यककडे पाठ करून बसले होते. सम्यक त्यांच्या पाठीशी, कानांवरचे हात आता खाली आलेले.

"सर," मी कुजबुजलो, "त्याला मागच्या बाजूने..."

एक हात वर आला आणि माझ्या ओठांशी खडीसाखर धरली. मी तोंड उघडलं.

वेळ संपल्याची घंटा झाली. निवेदिकेपुढे कागद होता आणि कागदावर सत्कार होता. प्रमुख पाहुणे वधूच्या सिंहासनावरून उठले. काय करावं त्यांना कळेना. मग त्यांनी खाली वाकून शाल झालरीखाली सरकवली. ती आत ओढली गेली. टाळ्या. श्रीफळ सरकवलं. एक हात येऊन ते घेऊन गेला. टाळ्या. शेवटी स्मृतिचिन्ह. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव म्हणून आम्ही पितळेची ताटली दिली होती, खाली परिषदेचं नाव कोरलेलं. तीही गेली. मग माईकमधून आवाज येऊ लागला, घणणणण. ताटली जमिनीवर गोल फिरत होती. मंद व्हायची, पडायची, पुन्हा कोणीतरी फिरवायचं. सगळा हॉल तो आवाज ऐकत होता. नाव कोरलेली ती ताटली माझा नातू फिरवतो आहे, हे व्यासपीठावर मला एकट्याला माहीत होतं.

एकाने प्रश्न विचारला, हे वर्तनोपचाराच्या कुठल्या पद्धतीत बसतं? टेबलाखालून उत्तर आलं, "हं." दुसऱ्याने विचारलं, डॉक्टरसाहेबांना बरं वाटतं आहे ना? "हं." तिथून हसू सुरू झालं. आधी मागे, मग पुढे. शेवटी अध्यक्षही हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. माझ्या तोंडातली खडीसाखर अजून संपली नव्हती.

जेवण वाढल्याची घोषणा होताच हॉल रिकामा झाला. प्रणाली झालर उचलून जमिनीवर बसली. सम्यक शाल पांघरून डॉक्टरांच्या पाठीला पाठ टेकून बसला होता, मांडीत ताटली. हा मुलगा कुणाला अंगाला अंग लावू देत नसे.

डॉक्टर बाहेर आले, कपड्यांवरची धूळ झटकली आणि प्रणालीला म्हणाले, "दवाखान्यात आणत जा. दुपारी, गर्दी नसते तवा." मग माझ्याकडे पाहून, "याले आणू नको."

पुढचं सगळं मला माहीत आहे आणि मी त्यात सामील आहे. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. ते चित्रण फिरत राहिलं. आमच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने डॉक्टरांना विश्रांती घ्यायची विनंती केली. त्या बैठकीत मी बसलो होतो आणि हात वर केला होता. शहरातले आईबाप "येड्या डॉक्टर"कडे जाईनासे झाले. खेड्यांतले जात राहिले, त्यांनी बातमी वाचली नव्हती किंवा वाचून सोडून दिली होती. दुपारी दवाखान्यात बहुतेक सम्यक एकटाच असायचा.

मी एकदा त्यांच्याकडे गेलो. कापलेल्या खुर्चीवर बसलो, गुडघे हनुवटीशी. म्हणालो, "सर, मी सगळ्यांना खरं सांगतो."

"कायले?"

"तुमच्यावर आळ आला."

"माह्यावर पहिलेपासूनच आहे." ते शेंगा सोलत होते. "अन् ते गोष्ट तुही नाही बे. त्या पोट्ट्याची आहे. तो मोठा होईन, त्याले इचार, मंग सांग."

मला एवढंच हवं होतं. डॉक्टरांनीच गप्प बसायला सांगितलं, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं. किस्सा करून सांग असं काही म्हटलं नव्हतं. पण गप्प बसलं तर लोक विचारतात, आणि हसवलं तर विचारत नाहीत. मी नागपूरला सांगितला, अमरावतीला सांगितला, लग्नांत सांगितला. घरी सांगू लागलो की प्रणाली उठून आत जायची. एकदा एका जेवणावळीत मी रंगात आलो होतो, "अन् मग टेबलाखालून परातीचा आवाज," असं म्हणालो, तर मागून आवाज आला, "परात नव्हती बे. ताटली होती."

डॉक्टर हातात भाताचं ताट घेऊन उभे होते. सगळे वळून त्यांच्याकडे पाहू लागले. ते म्हणाले, "सांग न पुढं, चांगला सांगतं तू." आणि ऐकून सगळ्यांबरोबर हसले.

सम्यक आता मोठा झाला आहे. बोलतो, पण मोजकं; बहुतेक वेळा आपलंच वाक्य आपल्याला परत देतो. डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ती बरणी त्याला दिली. शोकसभेच्या सकाळी मी त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, "सम्यक, त्या दिवशी टेबलाखाली तू होतास. लोकांना सांगू का?"

तो त्याच ताटलीची कड बोटाने चाचपत होता. "लोकांना सांगू का," तो म्हणाला. "सांगू का. सांगू का." मग उठला आणि बूट घालून दारात उभा राहिला. त्याचा होकार असाच असतो, प्रणाली म्हणाली.

लग्नसराईमुळे शोकसभेला दुसरी जागा मिळाली नाही, तोच हॉल. फुलांची अक्षरं या वेळी पूर्ण काढली होती, पण सिंहासनं हलवायला माणसं नव्हती. डॉक्टरांची हार घातलेली तसबीर वराच्या सिंहासनावर ठेवली होती. वधूचं सिंहासन रिकामं. पुढे टेबल, टेबलाला झालर.

लोक चांगलं बोलले. हेल्मेट आलं, खडीसाखर आली, कापलेल्या खुर्च्या आल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "सर, टेबलाचा सांगा न!" आणि सभेत हलकं हसू फिरलं.

मी सांगितलं. सगळं, नाडीपासून. माझा नातू आत होता, मी डेमो म्हणालो, तुम्ही ज्या माणसाला वेडा म्हणता तो माझ्या लेकराला सांभाळत होता. बोलून झालं तेव्हा संघटनेचा तरुण अध्यक्ष, माझाच विद्यार्थी, उठून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाला, "सर भावनाविवश झाले आहेत. गुरूवर एवढं प्रेम असणं हल्ली दुर्मीळ आहे." टाळ्या वाजल्या. पुढच्या ओळीतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "किस्सा पहिलेवालाच बरा होता."

"अरे, खरं सांगून राहिलो मी!" मी ओरडलो. ध्वनिक्षेपक किंचाळला.

सम्यक प्रणालीच्या शेजारून उठला. कानांवर हात ठेवून मधल्या वाटेने चालत आला, पायऱ्या चढला, टेबलापाशी वाकला आणि झालर उचलली. आत बराच वेळ पाहत राहिला. आत कोणी नव्हतं. मग तो आत गेला आणि आमच्या सगळ्यांकडे पाठ करून बसला. बसून राहिला.

मी माईक ठेवला, काठी टेबलाला टेकवली आणि गुडघ्यांवर आलो. या वयात रांगणं सोपं नाही. आत अंधार होता आणि सॅटिनला फुलांचा वास होता. मी वळून त्याच्याकडे पाठ केली. आयुष्यात पहिल्यांदा. पण सवय जात नाही. "सम्यक," मी म्हणालो, "ते नाहीत रे आता. चल बाळा, बाहेर जाऊ. सगळे पाहताहेत. आई वाट..."

मागून एक हात आला आणि माझ्या ओठांशी खडीसाखर धरली.

बाहेर पावलं वाजली. कोणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि मांडववाल्याचा आवाज आला, "काही नाही जी. हेही गेले."

पाठीला पाठ लागली. ऊब आली. मी खडीसाखर फोडली नाही. ती विरघळल्यावर हे लिहायला बसलो.